न उघडलेलं दार

माझं दिव्यांचं आणि हॉर्नचं दुकान गाड्यांचं कुशन करणाऱ्या मास्तरांच्या शेडच्या बरोबर समोर आहे, मधे फक्त रस्ता. त्यामुळे गेली सव्वीस वर्षं त्यांचं काम मी रोज बघत आलो. गाडीच्या आतलं सगळंच ते करायचे, सीटची कव्हरं, छताचं कापड, पायाखालचा गालिचा. पण त्यांचा जीव दारांत. दाराच्या आतल्या अंगाला जे पॅड असतं, ज्यावर आपण कोपर टेकवून बसतो, ते उन्हाने खराब होतं. आतल्या फोमचा भुगा होतो आणि वरचं कापड सुटलेल्या पोटासारखं लोंबायला लागतं. असं दार घेऊन कुणी आलं की मास्तर आधी त्यावरून तळहात फिरवायचे आणि कारखानदारापासून गाडीच्या मालकापर्यंत सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घालायचे. तोंडाने मात्र एवढंच म्हणायचे, "होऊन जाईल."

पॅड काढणं हे वरवर सोपं काम. हँडलच्या टोपणाखालचा स्क्रू सोडवायचा, मग खालच्या कोपऱ्यातून चपटी पट्टी घालून एकेक प्लास्टिकची क्लिप उचकटायची. टक्, टक् असा आवाज येत जातो. पण जुनी क्लिप वाळलेली असते, जरा हात वाकडा पडला की तिचं मुंडकं तुटतं, आणि मग पॅड त्या जागी कायमचं खुळखुळत राहतं. म्हणून मास्तर म्हणायचे, दार एकदाच उघडावं आणि एकदाच मिटावं. "मी बसवलेलं दार परत उघडावं लागत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि ते खरंही होतं.

शेडमध्ये त्यांच्या जोडीला काम करायचा तो त्यांचा मेहुणा, वहिनींचा पाठचा भाऊ. सगळी गल्ली त्याला मेहुणाच म्हणायची. हे नातं नीट लावत गेलं तर आख्ख्या गल्लीचं माझ्या बहिणीशी लग्न झालंय असं ठरेल, असं तो म्हणायचा, आणि हे ताईच्या कानावर जाऊ नये म्हणून आधी मागे वळून बघायचा. अंगाने किरकोळ, बोलायला मिठ्ठास, आणि कामात असा की बघत राहावं. दाराच्या पॅडमधली सगळ्यात अवघड जागा म्हणजे हँडलची खोबण. तिथे रेक्झिन आत ओढून बसवावं लागतं. जास्त ताणलं तर फाटतं, कमी ताणलं तर सुरकुती पडते. मेहुणा दोन्हीकडे चिकटवायचं सोल्यूशन लावून थांबायचा, ते बोटाला चिकटतंय पण बोटाबरोबर येत नाही असं झालं की नुसत्या अंगठ्याने रेक्झिन आत लोटत न्यायचा. एक सुरकुती नाही. मास्तर मला एकदा म्हणाले होते, की याचा हात माझ्यापेक्षा बरा आहे, पण त्याला सांगू नका, डोक्यावर बसेल. मी सांगितलं नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

अकरा वर्षं दोघं एकाच टेबलावर काम करत होते. दुपारी वहिनींचा डबा यायचा, त्यातली जास्तीची पोळी कुणाची यावरून रोज तेच भांडण व्हायचं आणि रोज मेहुणाच जिंकायचा.

मग ती बँकेतल्या बाईंची गाडी आली.

बाई बँकेतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. गाडी त्यांचे यजमान चालवायचे आणि बाई शेजारच्या सीटवर बसायच्या. चारही दारांची पॅड नवीन करायची होती, राखाडी रेक्झिन, पांढरी शिलाई. दोन दिवसांचं काम. चालकाशेजारचं दार मेहुण्याने केलं, बाकीची दोघांनी मिळून. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता गाडी गेली आणि पाचच्या आत परत आली.

मी तेव्हा तिथेच होतो, चहाला. शेजारचा बॅटरीवाला होता, आणखी दोन गिऱ्हाइकं होती. बाई खाली उतरल्या. त्या चिडलेल्या नव्हत्या, जरा कासावीस होत्या. गाडी द्यायला आल्या त्या दिवशी वाटेत त्यांच्या गळ्यातल्या साखळीची कडी निसटली होती, म्हणून त्यांनी साखळी काढून दाराच्या काचेपाशी, कडेवर ठेवली होती आणि तिथेच विसरल्या होत्या. साखळी अगदी बारीक, पण त्यांच्या आईची. कुणाला सापडली का, असं त्या विचारत होत्या.

मेहुण्याने सीटखाली बघितलं, गालिचा उचलला. कोपऱ्यात झाडून ठेवलेला जुन्या फोमचा भुगा त्याने जमिनीवर पसरला आणि हाताने चाळला. त्याच्या भुवयांपर्यंत पिवळी धूळ बसली. मग तो उठून मास्तरांजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "दाजी, दार परत उघडून बघू या. पॅड उचकटताना काचेच्या फटीतून आत गेली असेल."

मास्तरांनी त्या दाराकडे बघितलं. तासाभरापूर्वी मिटलेलं दार. बाईंचे यजमान घड्याळ बघत होते. आम्ही चार जण कप हातात धरून उभे होतो.

"आत कशी जाईल? उगाच क्लिप तुटेल," मास्तर म्हणाले. आणि मग बाईंकडे वळून त्यांनी हात जोडले. "आमच्या माणसाकडून चूक झाली, बाई. त्याच्या वतीने मी तुमची माफी मागतो."

 बाईंनी मास्तरांकडे बघितलं, मग मेहुण्याकडे बघितलं, मग मान खाली घालून गाडीत जाऊन बसल्या. गाडी गेली. मेहुणा भुगा पसरलेल्या जागी उभाच होता. त्याने तो सगळा परत गोळा केला, सुपलीत भरला, टाकून आला. हात धुतले. अंगातला कामाचा डगला काढून त्याची नीट घडी घातली आणि ती शिलाई मशीनवर ठेवली. स्वतःची कात्री तेवढी पिशवीत टाकली. "जातो," म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

मास्तरांना खरंच वाटलं होतं का, की त्याने घेतली? मी हे त्यांना पुष्कळ वर्षांनी विचारलं. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, की मला तेव्हा काहीच वाटलं नाही, बाई समोरून जाव्यात आणि दार उघडायला लागू नये, एवढंच वाटत होतं. चूक झाली म्हणजे वस्तू हरवली, गहाळ झाली, असं मला म्हणायचं होतं. पण तोंडातून जे गेलं ते तसं गेलं, आणि गेल्यावर मी ते मागे घेतलं नाही. उद्या येईल, तेव्हा बोलू, असं वाटलं.

तो उद्या काही आला नाही. मास्तर एक दिवस थांबले, चार दिवस थांबले, मग त्याचाच राग यायला लागला, की एवढ्याशा गोष्टीवरून काम सोडून गेला. राग आला की माणसाला बरं वाटतं, जावं लागत नाही.

आणि आम्ही गप्प बसलो असतो तर निदान ते तेवढ्यावर तरी थांबलं असतं. बॅटरीवाल्याने सांगितलं, मीही सांगितलं. वाईट बुद्धीने नाही. चहाच्या वेळी बोलायला काहीतरी लागतं म्हणून. "मास्तरांनी बिचाऱ्यांनी हात जोडले हो मेहुण्यापायी," असं मी स्वतः तीन-चार जणांना बोललो. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कुशनची आणखी दोन दुकानं होती. मेहुणा दोन्हीकडे काम मागायला गेला. एकाने सध्या काम कमी आहे म्हणून सांगितलं. दुसरा जरा सरळ होता. लोकांच्या गाड्या, आतल्या वस्तू, जोखमीचं काम आहे, असं तो म्हणाला. त्यानंतर मेहुणा या गल्लीत दिसला नाही. गावाबाहेर गाद्यांचा एक कारखाना आहे, तिथे तो लागला. दिवसभर गाद्यांच्या कडा शिवायच्या, सरळ रेषेत.

घरी वहिनींनी मास्तरांना एकदाच विचारलं होतं, की तुम्हाला खरंच वाटतं का त्याने घेतली. मास्तर म्हणाले, मी तसं म्हटलं नाही. वहिनी म्हणाल्या, मी तुम्ही काय म्हटलंत ते नाही विचारलं. त्यानंतर वहिनींनी परत कधी विचारलं नाही. महिन्यातून एकदा त्या एकट्या बस पकडून भावाकडे जायच्या, संध्याकाळपर्यंत परत यायच्या. मास्तर कधी विचारायचे नाहीत की कसा आहे, आणि त्या कधी आपणहून सांगायच्या नाहीत. डबा पूर्वीसारखाच यायचा. त्यात जास्तीची पोळी नसायची. पाचव्या वर्षी मास्तरांच्या सासूबाई गेल्या. मास्तर गेले तिथे, दाराशी उभे राहिले. मेहुणा समोरून दोनदा गेला. अनोळखी पाहुण्याला देतात तसा त्याने त्यांना पाण्याचा पेला दिला.

अशी नऊ वर्षं गेली.

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला जनावरांचे एक डॉक्टर जुनी गाडी घेऊन आले. त्यांचा दांडगा कुत्रा नेहमी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसायचा आणि बाहेर दुसरा कुत्रा दिसला की दारावर नाचायचा. नखांनी पॅडच्या चिंध्या झाल्या होत्या, आणि काचही अर्ध्यावर येऊन अडकत होती. मास्तरांनी सवयीने तळहात फिरवला आणि तो खोबणीपाशी थांबला. राखाडी रेक्झिन, पांढरी शिलाई. सगळं दार फाटलं होतं, पण हँडलच्या खोबणीत एक सुरकुती नव्हती.

त्यांनी स्क्रू काढला, क्लिपा उचकटल्या. पॅडच्या मागे दाराच्या पत्र्यावर प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, पाणी आत येऊ नये म्हणून. पॅड बदलताना त्याला हात लावायचं कारण नसतं. पण काच अडकत होती, म्हणून त्यांनी तो काळ्या डिंकापासून हळूहळू सोडवला आणि दाराच्या पोकळीत हात घातला. काच वर-खाली करणाऱ्या सळीच्या खाली, पाणी निचरायच्या भोकाजवळ, गंजात आणि पानांच्या कचऱ्यात त्यांच्या बोटांना काहीतरी लागलं.

ते रस्ता ओलांडून माझ्याकडे आले तेव्हा दुपारचं ऊन होतं. त्यांनी मूठ उघडली. काळपट झालेली बारीक साखळी, कडी निसटलेली. मी बघितलं आणि मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी त्यांना स्टूल दिलं. ते बसले नाहीत.

"दहा मिनिटं लागली," ते म्हणाले. "उघडायला धरून."

दुसऱ्याच दिवशी ते बँकेतल्या बाईंचा पत्ता काढून त्यांच्याकडे गेले. बाई आता एकट्या राहत होत्या. यजमान गेले होते, गाडी विकली होती. साखळी हातात घेऊन त्या आधी रडल्या. मास्तरांनी सगळं सांगितलं, की माझा मेहुणा निर्दोष होता, तुम्ही त्याच्यावर आळ घेतलात तो चुकीचा होता, तुम्ही त्याला मनातून माफ करा. बाई डोळे पुसत होत्या, त्या थांबल्या.

"मी आळ कधी घेतला?" त्या म्हणाल्या. "मी तर फक्त विचारायला आले होते, कुणाला सापडली का. माझीच विसरभोळी सवय. माफी तुम्ही मागितलीत. तुमचा स्वतःचा माणूस, तुम्हीच म्हणताय म्हणजे तुम्हाला काहीतरी माहीत असणार, असं वाटलं मला. म्हणून मी पुढे काही बोलले नाही. त्याची इज्जत राहावी म्हणून."

हे मास्तरांनीच मला सांगितलं. इतकी वर्षं त्यांनी स्वतःची एक समजूत करून घेतली होती, की आळ बाईंनी घेतला आणि आपण तो मिटवला. आता धरायला तेवढंही उरलं नाही.

घरी त्यांनी वहिनींना सांगितलं. वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, निवडलेली भाजी धुतली, ताटलीत निथळत ठेवली. मग म्हणाल्या, "साखळी सापडली म्हणून सांगताय. न सापडता सांगितलं असतंत तर मला ऐकायचं होतं." आणि थोड्या वेळाने, "रविवारी माझ्याबरोबर चला."

रविवारी कारखान्यात मेहुण्याची पाळी होती, म्हणून ती दोघं तिथेच गेली. बांधाबांधीच्या खोलीत, भिंतीला उभ्या केलेल्या गाद्यांच्या मधे मेहुण्याने त्यांना बसायला एक बाक दिला आणि स्वतः उभा राहिला. केस पुष्कळ पांढरे झाले होते, चष्मा लागला होता. मास्तरांनी वाटेत बसमध्ये बोलायचं सगळं ठरवून ठेवलं होतं, त्यातलं काही आठवेना. ते एवढंच म्हणाले, की साखळी दारात होती, तू म्हणालास तिथेच.

मेहुण्याने गादीच्या कडेचा एक सुटा दोरा ओढून काढला. मग म्हणाला, "मी उघडू या म्हटलं होतं, दाजी."

"हो."

"तुम्ही क्लिप तुटेल म्हणालात."

"हो."

वहिनी खाली बघत होत्या. मेहुण्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "त्या दिवशी घरी गेलो आणि सगळे कपडे काढून झाडले मी," तो म्हणाला. "खिसे उलटे केले. कात्रीची पिशवी उसवून बघितली. तुम्ही हात जोडलेत ना, तर मलाच वाटायला लागलं, चुकून आपल्याकडून गेली असेल कुठे. पुढे वर्ष-दीड वर्ष हे चालू होतं. मधेच उठून पिशवी बघायचो."

मास्तर उठले आणि त्याच्या पायाशी वाकायला लागले. मेहुण्याने त्यांना दंडाला धरून परत बाकावर बसवलं. तुम्ही मोठे आहात, हे नको, असं म्हणाला. रागावून नाही. फार काही प्रेमानेही नाही. मग म्हणाला, की मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. तुम्ही माफी मागितलीत ती ज्यांनी ऐकली आणि ज्यांच्यापर्यंत पोचली, त्यांना जाऊन सांगा. बाकी काही नको.

सोमवारी मास्तर शेड बंद ठेवून निघाले. पहिले माझ्याकडे आले, मला सगळं माहीत होतं तरी. उभं राहून, जणू मी परका आहे असं, त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. मी मधेच म्हणालो, की मास्तर, मीही बोललो होतो हो लोकांत. ते म्हणाले, तुम्ही बोललात ते माझंच. मी दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांच्याबरोबर गेलो. मलाही ते फेडायचं होतं.

बॅटरीवाल्याला आठवेना. कुठली साखळी, कुठल्या बाई, असं विचारत राहिला, आणि मग म्हणाला, हां, ते पाकीट मारलं होतं तो ना? मास्तरांनी त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चहावाल्याच्या मुलाने बापाला फोन लावून दिला. बाप म्हणाला, मास्तर, जुन्या गोष्टी आहेत, सोडून द्या. दोघं-तिघं नुसते मान हलवत ऐकत राहिले, गिऱ्हाईक आलं की उठले. कुशनच्या दोन दुकानांपैकी एक कधीच बंद पडलं होतं. दुसऱ्याने, त्या सरळ माणसाने, सगळं ऐकून घेतलं. मग हळहळला. म्हणाला, की त्याच्यासारखा हात नंतर मला मिळाला नाही. त्याला पाठवा माझ्याकडे, उद्यापासून. नाहीतर तुम्हीच परत घ्या.

मास्तर हे सांगायला पुढच्याच रविवारी मेहुण्याच्या घरी गेले, पोरासारखे घाईघाईने. मेहुण्याने ऐकलं आणि नाही म्हणाला. डोळे आता बारीक कामाला साथ देत नाहीत, अंगठा सांध्यातून दुखतो, सरळ शिलाईची सवय झाली आहे, आणि नोकरीची थोडीच वर्षं राहिली आहेत. मास्तर म्हणाले, निदान एक दार तरी येऊन कर माझ्यासाठी, नुसतं मला बघायचं आहे. त्यावरही तो नाही म्हणाला, आणि चहा टाकायला आत गेला.

डॉक्टरांच्या गाडीचं ते पॅड मास्तरांनी एकट्यानेच पुरं केलं. खोबणीतलं जुनं रेक्झिन काढायला त्यांना अर्धा दिवस लागला, कारण ते अजून घट्ट बसलेलं होतं.

आता ते वहिनींबरोबर दर महिन्याला मेहुण्याकडे जातात. तो दार उघडतो, या म्हणतो, चहा करतो. बहिणीशी तो हसून बोलतो, कधीमधी जुन्या गमतीही निघतात. मास्तर खुर्चीवर बसून ऐकतात. त्यांच्या दोघांत जे बोलणं होतं ते गुडघ्यांचं, बसच्या वेळांचं. मी परवा त्यांना विचारलं, काय म्हणतो मेहुणा. टेबलावर रेक्झिन पसरून ते खडूने रेघ मारत होते.

"बरा आहे," ते म्हणाले. "त्याच्याकडे हल्ली नळाला एक दिवसाआड पाणी येतंय."